एकच पत्र, चार यंत्रे : जुन्या पीसींच्या ऑपरेटिंग सिस्टीम हाताने समजून घेताना

रविवारी भाचा जुन्या बाजारातून तीन फ्लॉप्या घेऊन आला. दोन सव्वापाच इंची, एक साडेतीन इंची. घासाघीस करून तीस रुपयांत आणल्या म्हणून खूश होता. "मामा, या विंडोजच्या आधीच्या ना? म्हणजे डॉसच्या."

हे 'म्हणजे' फार जणांच्या डोक्यात असतं. विंडोजच्या आधी डॉस, डॉसच्या आधी अंधार. प्रत्यक्षात १९७५ ते १९९५ या काळात घरच्या आणि ऑफिसच्या टेबलावरच्या यंत्रांत डझनभर तरी वेगवेगळ्या व्यवस्था नांदत होत्या. एकीची फ्लॉपी दुसरीत घातली तर ओळखही दाखवायची नाही. हे फरक तक्ते वाचून लक्षात राहत नाहीत. मी शिकवताना एकच युक्ती वापरतो: एक छोटं पत्र घ्यायचं आणि प्रत्येक यंत्रावर त्याच्याशी तीच चार कामं करायची. यादीत शोधायचं, दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवायचं, पुसायचं, आणि मध्येच फ्लॉपी बदलून काय होतं ते बघायचं. त्या काळातली ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मुख्यतः फ्लॉपीचा कारभारी. 'डॉस' या नावातला 'डी' डिस्कचाच. कारभारी कसा आहे ते त्याच्या वहीवरून कळतं.

कमांड इथे देवनागरीत लिहितो आहे, कळफलकावर अर्थातच रोमन अक्षरं दाबायची.

आधी तयारी

जुनं यंत्र शोधत पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातली टपकीर गल्ली पालथी घालू नका, लॅपटॉप पुरतो. ब्राउझरमध्येच चालणाऱ्या पीसीजेएसवर जुना आयबीएम पीसी आणि डॉसच्या बऱ्याच आवृत्त्या मिळतात. ॲपलच्या मॅकसाठी इन्फिनिट मॅक, बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकासाठी जेएसबीब. सीपीएम या डॉसच्या आधीच्या व्यवस्थेसाठी रनसीपीएम उतरवून घ्या. डॉसबॉक्स बहुतेकांना माहीत असतो. तो खेळांसाठी उत्तम, पण आपल्या कामाला थोडा अपुरा. तो तुमच्याच फोल्डरला डॉसची ड्राइव्ह म्हणून दाखवतो, त्यामुळे पुसलेली फाइल परत आणण्यासारखे प्रयोग त्यात जमत नाहीत.

पहिली पायरी : यंत्र नुसतं चालू करा, फ्लॉपी न घालता

इथेच निम्मा फरक दिसतो. बीबीसी मायक्रो चालू केला की 'टुक्' करून लगेच बेसिक या प्रोग्रामिंग भाषेचा प्रॉम्प्ट (कमांडची वाट बघणारी खूण) हजर, कारण सगळा कारभार रॉममध्ये, म्हणजे यंत्रातल्या न पुसल्या जाणाऱ्या चिपवर, कोरलेला. आपल्याकडे १९८४ साली सुरू झालेल्या शाळांच्या 'क्लास' प्रकल्पात हेच यंत्र होतं. त्यामुळे माझ्या पिढीतल्या काहींचा पहिला संगणक डॉसचा नव्हता, हे डॉसवाल्यांना पटवून द्यावं लागतं. आयबीएमचा अस्सल पीसीही फ्लॉपीवाचून बेसिकमध्ये उतरतो. इथे मिळणारे बहुतेक पीसी मात्र नकला होत्या, त्यांच्या रॉममध्ये ते बेसिक नव्हतं. ते नुसते 'सिस्टीम डिस्क घाला' म्हणत वाट बघत बसायचे. मॅक पडद्यावर फ्लॉपीचं चित्र काढतो आणि त्यात प्रश्नचिन्ह लुकलुकवतो. सीपीएमचं यंत्र तर फ्लॉपीशिवाय जवळजवळ कोरी पाटी.

म्हणून पहिला प्रश्न कायम हाच विचारायचा: कारभारी रॉममध्ये राहतो की फ्लॉपीवर? फ्लॉपीवर राहणारा बदलता येतो, रॉममधला सहसा नाही.

दुसरी पायरी : सीपीएम

इथे जरा जास्त वेळ काढा, कारण पुढच्या डॉसचं अर्धं व्याकरण इथलं आहे. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये इंटेलच्या ८०८० चिपसाठी हे लिहिलं. त्यांची खरी हुशारी वाटणीत होती. यंत्रागणिक बदलणारा भाग, म्हणजे कळफलक, पडदा, ड्राइव्ह यांच्याशी बोलणारा, त्यांनी वेगळा काढला आणि त्याला बायॉस म्हटलं. फाइलींचा कारभार दुसऱ्या भागात, तुमच्याशी बोलणारा तिसऱ्यात. नव्या कंपनीने फक्त बायॉस लिहायचा, बाकी सगळं तसंच. त्यामुळे मजकूर लिहायचा वर्डस्टार आणि नोंदी ठेवायचा डीबेस वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालू शकले.

पडद्यावर 'ए>' दिसेल. 'डिर' म्हणा. नावं येतील, आठ अक्षरं अधिक तीन अक्षरं. आकार नाही, तारीख नाही. आकार हवा तर 'स्टॅट' नावाचा वेगळा प्रोग्राम चालवा. फोल्डर नाहीतच. त्याऐवजी शून्य ते पंधरा असे 'यूजर' क्रमांक असतात, एकाच खोलीत खडूने रेघा मारून केलेल्या वाटण्या म्हणा हवं तर.

आता पत्र उतरवा: 'पिप बी:=ए:पत्र.टीएक्सटी'. नीट बघा. जिथे जायचं ते आधी, जिथून आणायचं ते नंतर, मध्ये बरोबरचं चिन्ह. गणितात 'क्ष = ५' लिहितो तसं. नाव बदलण्याची 'रेन'सुद्धा अशीच, नवं नाव आधी. या क्रमाची किंमत मी पुढे मोजली, ते येईलच.

'इरा' म्हणून पत्र पुसा. खरं तर काही पुसलं जात नाही. यादीतल्या प्रत्येक नोंदीच्या पहिल्या बाइटमध्ये यूजर क्रमांक असतो, तिथे फक्त ई५ हा (सोळाच्या मोजणीतला) आकडा बसतो. नाव शाबूत, आणि पत्राचे तुकडे फ्लॉपीवर कुठे कुठे आहेत त्यांची यादीही त्याच नोंदीत शाबूत. तो एक बाइट पूर्ववत केला आणि मधल्या काळात कोणी त्या जागेवर दुसरं काही लिहिलं नसेल, तर पत्र परत.

चौथं काम, फ्लॉपी बदलणं. १९८७ साली मी एका छापखान्यात हिशेब भरायला जायचो, सीपीएमचं यंत्र होतं. महिनाअखेरीला बी ड्राइव्हमधली फ्लॉपी भरत आली म्हणून मी चलाखीने मध्येच दुसरी घातली आणि काम चालू ठेवलं. दहा मिनिटांनी पडद्यावर एक ओळ: 'बीडॉस एरर ऑन बी: आर/ओ'. कळ दाबली, प्रोग्राम बंद, पुन्हा 'ए>'. मेमरीत असलेल्या सगळ्या नोंदी गेल्या. मालकांना मी वीज गेली असं सांगितलं. त्या काळी पुण्यात ते सहज खपायचं.

दोष यंत्राचा नव्हता. कोणत्या जागा भरल्या आणि कोणत्या रिकाम्या याचा नकाशा सीपीएम मेमरीत ठेवतं. लिहिण्याच्या वेळी फ्लॉपीवरची यादी जुळली नाही, तर ही दुसरीच फ्लॉपी आहे हे ओळखून लिहायला नकार देतं. नाही तर जुन्या नकाशाने नव्या फ्लॉपीची वाट लागली असती. नियम एवढाच होता की फ्लॉपी बदलल्यावर प्रॉम्प्टवर कंट्रोल-सी दाबायचं. नकार द्यायची रीत मात्र फार उर्मट होती.

तिसरी पायरी : डॉस, पण एकच डॉस नव्हे

टिम पॅटरसन यांनी सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समध्ये १९८० साली ८०८६ चिपसाठी एक व्यवस्था लिहिली. मायक्रोसॉफ्टने ती १९८१ मध्ये विकत घेतली आणि त्याच ऑगस्टमध्ये आयबीएम पीसीबरोबर ती पीसी डॉस नावाने आली. आयबीएमची माणसं भेटायला आली त्या दिवशी किल्डॉल विमान उडवत होते म्हणून संधी हुकली, ही दंतकथा तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवेलच. मला दुकानातला भाव जास्त बोलका वाटतो: पीसी डॉस ४० डॉलर, पीसीसाठीचं सीपीएम-८६ हे २४० डॉलर.

पीसीजेएसवर आधी डॉस १ चालवा. तेच 'ए>', तेच 'डिर', तीच आठ-तीनची नावं. सीपीएमच बघतोय असं वाटेल. फोल्डर इथेही नाहीत. पण यादीत आकडे आले: फाइलचा नेमका आकार आणि तारीख. सीपीएम २.२ मध्ये मोजमाप १२८ बाइटच्या घासांत चालायचं, पत्र शेवटच्या घासात कुठे संपतं ते त्याला माहीत नसायचं. म्हणून मजकुराच्या शेवटी कंट्रोल-झेडची खूण टाकायची पद्धत होती. डॉसला नेमका आकार माहीत असूनही त्याने ती खूण पाळणं सोडलं नाही. डॉसमध्ये 'टाइप' कमांडने जुनं पत्र बघताना ते मध्येच तुटलं, तर आत कुठेतरी ही खूण आहे असं समजा.

आता उतरवणं: 'कॉपी ए:पत्र.टीएक्सटी बी:'. इथे आणायचं आधी, न्यायचं नंतर. सीपीएमच्या बरोबर उलट. छापखाना सोडून मी डॉसवाल्या ऑफिसात लागलो तेव्हा बोटांना जुनीच सवय होती. दिवसभर दुरुस्त केलेलं पत्र ए वर, कालची प्रत बी वर. संध्याकाळी मी लिहिलं 'कॉपी बी:पत्र.टीएक्सटी ए:'. मनात अर्थ होता, बी वर ने, ए मधून. डॉसने बी मधलं कालचं पत्र उचललं, ए मधल्या आजच्यावर टाकलं आणि '१ फाइल कॉपी झाली' असं सांगून मोकळा झाला. विचारणं नाही, पुसणं नाही. 'आधीची फाइल आहे, वर लिहू का' असं विचारायची अक्कल कॉपी कमांडला डॉस ६.२ मध्ये आली, म्हणजे १९९३ मध्ये.

मग पुसून बघा. यासाठी डॉस ५ लागेल. 'डेल पत्र.टीएक्सटी', आणि लगेच 'अनडिलीट'. तो नाव दाखवतो, पण पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि तुम्हालाच विचारतो की पहिलं अक्षर कोणतं होतं. मला ही जागा फार आवडते. तोच ई५ आकडा, पण डॉसच्या नोंदीत यूजर क्रमांकाची जागाच नाही. नोंद नावापासूनच सुरू होते, त्यामुळे ई५ पहिल्या अक्षराच्या डोक्यावर बसतो.

एक फरक आणखी खोल आहे. डॉसची नोंद फाइलचा फक्त पहिला तुकडा सांगते. त्यापुढचा कुठे आणि त्याच्यापुढचा कुठे, ही साखळी फॅट नावाच्या वेगळ्या तक्त्यात असते. पुसताना ती साखळी मोकळी होते. तुकडे सलग असतील तर अनडिलीट अंदाजाने पत्र जुळवतो. विखुरलेले असतील तर पत्राच्या मध्यात भलत्याच फाइलचा मजकूर निघू शकतो. या बाबतीत सीपीएमची वही परवडली.

फ्लॉपी बदला आणि 'डिर' म्हणा. नवी यादी येते. कंट्रोल-सी वगैरे काही नाही. छापखान्यानंतर हे पाहून मला सणासारखं वाटलं होतं.

आवृत्त्यांचं थोडक्यात. डॉस २ मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटीबरोबर आला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती, म्हणून फोल्डर लागले. कल्पना युनिक्स या मोठ्या यंत्रांवरच्या व्यवस्थेची, पण युनिक्सची तिरकी रेघ डॉसने आधीच कमांडच्या पर्यायांसाठी खर्च केली होती, म्हणून उलटी रेघ आली. आजही विंडोजमध्ये ती उलटी रेघ आहे ती त्यामुळे. डॉस ३.३ बद्दल एकच आठवण पुरे: ४० एमबीची डिस्क, पण एका विभागाला ३२ एमबीची मर्यादा, म्हणून सी ३२ ची आणि डी ८ ची. डी ड्राइव्हवर काय ठेवायचं यावरून ऑफिसात वाद व्हायचे. डॉस ५ हा १९९१ चा, शिकायला सगळ्यांत बरा. डीआर-डॉस नावाचा भाऊबंदही भेटेल. तो किल्डॉल यांच्याच कंपनीचा, म्हणजे सीपीएमच्या घरातून डॉसच्या वेषात परत आलेला. कमांड जवळपास त्याच.

चौथी पायरी : मॅक, जिथे कमांडच नाही

२४ जानेवारी १९८४ चा मॅकिंतॉश: १२८ केबी मेमरी, एकच ४०० केबीची ड्राइव्ह. इन्फिनिट मॅकवर अगदी पहिली आवृत्ती उघडा. प्रॉम्प्ट शोधू नका, तो नाही. पत्र उचलायचं आणि दुसऱ्या फ्लॉपीच्या चित्रावर सोडायचं.

पण ड्राइव्ह तर एकच! मग दुसऱ्या फ्लॉपीचं चित्र पडद्यावर कसं? मॅक बाहेर काढलेल्या फ्लॉपीचंही नाव लक्षात ठेवतो, तिचं फिकट चित्र ठेवून देतो आणि लागेल तेव्हा 'ती अमुक नावाची फ्लॉपी घाला' असं सांगतो. सीपीएमला फ्लॉपी बदललेली चालत नव्हती, डॉस फारशी फिकीर करत नव्हता, मॅक प्रत्येकीला नावाने ओळखतो. बाहेर काढायला बटणही नाही, यंत्रच फ्लॉपी बाहेर सरकवतं. फ्लॉपीचं चित्र कचरापेटीत टाकलं की ती बाहेर येते. नवखा माणूस इथे दचकतोच, फ्लॉपी पुसली गेली की काय! नाही, फक्त बाहेर आली.

पहिल्या मॅकचे फोल्डर मात्र देखावा होते. खाली सगळ्या फाइली एकाच यादीत असायच्या, म्हणून दोन फोल्डरमध्ये एकाच नावाची दोन पत्रं ठेवता येत नव्हती. करून बघा, अडेल. खरे फोल्डर पुढच्या फाइल व्यवस्थेबरोबर आले.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. डॉसमध्ये फाइल कशाची आहे हे नावाच्या शेपटीवरून कळतं. मॅकमध्ये ती माहिती फाइलबरोबर वेगळी ठेवलेली असते, नाव काहीही असो. शिवाय एका फाइलचे दोन भाग असू शकतात, एक मजकुराचा आणि एक चित्रं, खिडक्या, फॉण्ट अशा साहित्याचा. अशी फाइल साध्या डॉस फ्लॉपीवरून फिरवून आणली की दुसरा भाग वाटेतच गळतो. माझ्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्याचे फॉण्ट असेच 'शून्य बाइट' होऊन परत आले होते.

पाचवी पायरी : एकाच वेळी दोन कामं

कमोडोर कंपनीचा अमिगा संगणक १९८५ चा. पत्र लिहिता लिहिता दुसरी फ्लॉपी फॉरमॅट करत ठेवा, दोन्ही चालतात, कारण कोणाला किती वेळ द्यायचा हे व्यवस्था ठरवते. विंडोज ३.१ हा १९९२ चा, सात वर्षांनी धाकटा. डॉसच्या प्रॉम्प्टवर 'विन' टाइप करून तो सुरू करायचा. त्यात प्रत्येक विंडोज प्रोग्रामने आपण होऊन दुसऱ्याला जागा द्यायची असते. एखादा अडून बसला की सगळेच थांबले. पुण्याच्या पीएमपी बसच्या दारात उभा राहणारा प्रवासी तुम्हाला ठाऊक आहे. त्या काळचा मॅकही याच जातीचा. अटारी एसटी, ओएस/२ वगैरेंना आत्ता हात लावू नका, वरच्या चारांवर हात बसला की ते आठवड्यात समजतात.

मराठीचं काय झालं ते

डॉसच्या मजकुरी पडद्यावर ८० स्तंभ, २५ ओळी. प्रत्येक घरात रॉममधल्या २५६ अक्षरांपैकी एक. त्यात 'र्क्ष' कुठे बसवणार? आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर पण लिहिताना आधी! आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्रज्ञान इथे कामी आलं. जिस्ट कार्ड यंत्रात बसवलं की डॉसचेच प्रोग्राम देवनागरी दाखवू लागत. मजकूर इस्की संकेतात असे: बाइटच्या खालच्या अर्ध्यात रोमन, वरच्या अर्ध्यात भारतीय अक्षरं. विंडोज आल्यावर कार्डाची गरज संपली, पण फॉण्ट बनवणाऱ्या प्रत्येकाने आपला संकेत वेगळा ठेवला. फॉण्ट गेला की मजकूर म्हणजे रोमन अक्षरांचा चिवडा.

तेव्हा जुनी फाइल उघडून गोंधळ दिसला तर आधी गोंधळाची जात ओळखा. प्रत्येक शब्दाचं फक्त शेवटचं अक्षर बिघडलंय? वर्डस्टार. सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळीत? मॅक, कारण त्याची ओळ संपवायची खूण वेगळी. रोमन शब्द धड आणि बाकी सगळी चित्रविचित्र चिन्हं? इस्की असू शकेल. सगळंच रोमन, पण अर्थहीन? विंडोजचा जुना मराठी फॉण्ट शोधा.

शेवटची पायरी : हातातली खरी फ्लॉपी

पुण्याच्या पावसाळ्यांनी आत पांढरी बुरशी धरली असेल तर ड्राइव्हमध्ये घालू नका, फ्लॉपीबरोबर ड्राइव्हचं डोकंही खराब होतं. घालण्याआधी लिहिणं बंद करा: सव्वापाच इंचीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावायची, साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातल्या भोकावरचं छोटं झाकण सरकवून ते भोक उघडं करायचं. यूएसबीची ड्राइव्ह फक्त साडेतीन इंचीसाठी, आणि तीही डॉसच्याच घडणीच्या फ्लॉप्या वाचते. बाकीच्यांसाठी ग्रीझविझलसारखं कार्ड आणि जुनी ड्राइव्ह लागते. ते कार्ड फ्लॉपीचा अर्थ लावत बसत नाही, चुंबकीय खुणा जशाच्या तशा टिपून घेतं.

भाच्याच्या दोन सव्वापाच इंची फ्लॉप्या बुरशीच्या निघाल्या, बाजूला ठेवल्या. तिसरीवर निळ्या शाईत 'दिवाळी अंक, मांडणी'. त्याने यूएसबी ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह खरखरली, थांबली.

"मामा, फॉरमॅट करावी लागेल म्हणतोय. करू?"

"थांब. बाहेर काढ. कोपऱ्यांत भोकं किती?"

"एकच."

भोकं दोन असतील तर १.४४ एमबीची. एकच असेल तर कमी क्षमतेची: डॉसने केली असेल तर ७२० केबी, मॅकने केली असेल तर ८०० किंवा ४००, अमिगाने केली असेल तर ८८०. डॉसची असती तर ड्राइव्हने यादी दाखवली असती. दिवाळी अंकाची मांडणी अमिगावर कोण करणार! म्हणजे ही मॅकचीच असणार. मॅक अशा फ्लॉपीच्या बाहेरच्या आणि आतल्या वर्तुळांसाठी फिरण्याचा वेग बदलतो, पीसीची ड्राइव्ह एकाच वेगाने फिरते. तिला ही फ्लॉपी कोरीच वाटणार. म्हणून विंडोज फॉरमॅटचं विचारतं तेव्हा 'नाही' दाबायचं.

कार्ड मागवलंय, पुढच्या आठवड्यात येईल. तोवर फ्लॉपी माझ्या कपाटात, स्पीकरपासून लांब.